बाई गच्चीवर असतील

बाई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. आधी समोरच्या पाटीलकाकूंना, मग खालच्या वॉचमनला, मग फोनवरून पुण्याच्या सुधीरदादांना, म्हणजे बाईंच्या भाच्याला. तिघांनाही मी एकच वाक्य बोलले, "बाई गच्चीवर आहेत." पुढचं बोलायला जीभ वळेना. पाटीलकाकू म्हणाल्या, "असू दे की गं, येतील खाली." त्यांचा काही दोष नाही. बाई रोजच सकाळी गच्चीवर असायच्या, आणि रोजच खाली यायच्या...

याला आता सात आठवडे झाले.

एस्तेरबाई इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. मी अकरा वर्षं त्यांच्याकडे पोळी-भाजी आणि वरकाम केलं. माझं माहेर सिन्नरकडचं. शाळा चौथीपर्यंत झाली, पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि घरात धाकटी भावंडं होती, म्हणून ती तिथेच थांबली. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वाचता येतं का?" मी म्हणाले, "येत होतं." त्या म्हणाल्या, "येत होतं म्हणजे? वाचणं काय दुधाचा दात आहे, पडून जायला?" मला हसू आलं, पण पदर तोंडाला लावला. कुणासमोर हसायची मला लाज वाटते, अजूनही.

बाई ख्रिस्ती. रविवारी रिक्षाने शरणपूरला प्रार्थनेला जायच्या. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं होती आणि ती त्या लोकांना वाचायला द्यायच्या. त्यातलं एक पुस्तक मात्र सारखं कुणाच्या ना कुणाच्या घरी असायचं. जुनं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे बाईंनाही माहीत नव्हतं. जगाच्या शेवटाची कादंबरी होती ती. एका सकाळी आभाळात कर्णा वाजतो आणि देवाची माणसं असतील तिथून वर उचलली जातात. त्यांचे कपडे, चपला, चष्मे इथेच राहतात. बाकीची माणसं मागे उरतात आणि पुढची सगळी गोष्ट त्या उरलेल्यांची. त्यात एके ठिकाणी दोन जावा पापड लाटत बसलेल्या असतात. धाकटी पाणी आणायला आत जाते. परत येते तर थोरलीच्या जागी तिचं लुगडं पडलेलं, लाटणं पोळपाटावरून घरंगळत निघालेलं, आणि बांगड्या फरशीवर गोल गोल फिरत असतात. त्या थांबेपर्यंत धाकटी बघत राहते. हे बाईंनी मला मेथी निवडताना वाचून दाखवलं. मी मेथी तशीच ठेवून हात धुऊन आले.

पुस्तक परत करायला येणाऱ्यासाठी बाईंचा एक नियम होता. टेबलावर जाड वही आणि पेन. वाचून काय वाटलं ते दोन ओळींत आपल्या हाताने लिहायचं, मग चहा. लिहिल्याशिवाय चहा नाही, मग तो कुणीही असो. माणसाने पेनाचं टोपण काढलं की मी आधण ठेवायची आणि ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. त्यामुळे लिहिणाऱ्यांचे चेहरे मी जितके पाहिले तितके बाईंनीही पाहिले नसतील. दुपारी बाई आडव्या झाल्या की मी वही उघडून ते काय लिहून गेले ते वाचायची. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "वर गेलेल्यांचं पुढे काय झालं हे लेखकाने कुठेच सांगितलेलं नाही. त्याला ठाऊक नसावं." बाईंचा एक जुना विद्यार्थी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला होता. त्याने लिहिलं, "चालत्या टेम्पोचा ड्रायव्हर वर गेला तर ब्रेक कोण मारणार? देवाने हायवेचा विचार केलेला दिसत नाही." बाई हे वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. चर्चमधल्या त्यांच्या एका मैत्रिणीने लिहिलं, "सासूबाई नक्की जातील, मी राहीन. घर शांत होईल." आणि खाली कंसात, "हे पान कुणाला दाखवू नका."

पण एक कॉलेजची मुलगी आली होती, तिने काहीच लिहिलं नाही. खूप वेळ पेन हातात धरून बसली. चहा मी तसाच दिला, बाईंनी अडवलं नाही. जाताना ती दारात मला म्हणाली, "ताई, सकाळी जाग आली ना, की मी डोळे उघडत नाही. आधी आईच्या भांड्यांचा आवाज येतो का ते ऐकते." मी मान हलवली. मला तिला सांगायचं होतं की मीसुद्धा पहाटे आमच्या ह्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत तशीच पडून असते. सांगितलं नाही. पुढे लक्ष ठेवलं तर ते पुस्तक नेलेला प्रत्येक जण काही दिवस तसाच वागायचा. बोलता बोलता थांबून घरातला आवाज ऐकायचा.

वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर दोन ओळी मोकळ्या होत्या. समासात बाईंच्या अक्षरात "कमल". ती मी. नवीन माणूस वही उघडायचा आणि विचारायचा, "ही कमल कोण?" बाई ट्रेकडे बोट करायच्या आणि मला भिंतीत शिरावंसं वाटायचं. "तुझ्या ओळी राहिल्यात हं," त्या रोज म्हणायच्या. "चौथी पास बाई, चार शब्द लिही." मी म्हणायची, "लिहीन, आधी पुस्तक तर वाचून होऊ द्या." माझं अक्षर मुंगळ्यांसारखं. एवढ्या शिकलेल्या लोकांच्या डोक्यावर ते कसं लिहायचं...

एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही तर जाणार ना वर?" मला वाटलं, लगेच हो म्हणतील. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "माहीत नाही गं. तीस वर्षं पोरांच्या हातावर पट्ट्या मारल्यात. तू?"

"मला कोण नेतंय? मी तर तुमच्यातली पण नाय."

"मग झालं तर. आपण दोघी मागे राहू. पोळ्या तू कर, भांडी मी घासते."

"पण तुम्ही गेलातच तर?"

"गेले तर तुला सांगून जाईन. न सांगता जायची नाही." असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या पातेल्याचं झाकण काढून आमटी चाखली. विषय संपला.

त्यानंतर काही दिवसांनी मी बिल्डिंगमध्ये माझं हसं करून घेतलं. माझ्याकडे किल्ली असायची. आत आले तर बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीवर बाईंची शाल पडलेली, कुणी बसल्या जागेवरून नाहीसं व्हावं तशी. शेजारच्या स्टुलावर तेच पुस्तक उघडं, त्यावर चष्मा. खाली चपला जोडीने. वाटीत कवळी. कपातला चहा अर्धा, अजून गरम. बाई कुठेच नव्हत्या. मी आयुष्यात कधी मोठ्याने बोलत नाही, पण त्या दिवशी जिन्यात येऊन जी ओरडले की तिन्ही मजल्यांची दारं उघडली. "बाई गेल्या! मला ठेवून गेल्या!" तेवढ्यात बाई जिन्याने वर आल्या, अनवाणी, हातात कोथिंबीर. भाजीवाल्याची हाक ऐकून तशाच उतरल्या होत्या. सगळे हसले. वॉचमन पुढे महिनाभर मला रोज विचारायचा, "काय ताई, बाई आहेत ना आज जाग्यावर?"

बाई मात्र हसल्या नाहीत. दार लावून म्हणाल्या, "एवढं लागलं तुला?" मी रडत होते. मग त्यांनी माझ्यासाठी एक नियम केला. "वस्तू दिसल्या आणि मी दिसले नाही, तर ओरडायचं नाही. शोधायचं नाही. बाई गच्चीवर असतील असं म्हणायचं, खाली बसायचं आणि पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायचं. पान संपेपर्यंत मी येते." आणि त्या यायच्या. सकाळी पाखरांना बाजरी टाकायला त्या गच्चीवर जायच्या, आणि मला वाटतं पुढे पुढे माझी वेळ बघूनच जायच्या. मी खुर्चीशेजारी फरशीवर बसून अक्षराला बोट लावत वाचायची. पान संपत आलं की दार वाजायचं, खुर्ची करकरायची. वेताची होती, बसलं की आवाज करायची. मी मान वर करायची नाही. त्या पान संपेपर्यंत ऐकायच्या आणि एखादा शब्द चुकला तर म्हणायच्या, "पुन्हा." असं करत दोन वर्षांत मी ते पुस्तक शेवटाजवळ आणलं. वाटेत ते कुणी वाचायला नेलं की माझं वाचन थांबायचं.

त्या सकाळी मी दहाला आले. चष्मा पुस्तकावर, चपला जोडीने, शाल खुर्चीवर. चहा अर्धा. चहावर साय धरली होती. ती मी पाहिली. पाहिली हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी मनात म्हणाले, बाई गच्चीवर असतील, आणि बसले. तीनच पानं उरली होती. पहिलं वाचलं. पान संपत आलं तशी शेजारी खुर्ची करकरली, नेहमीसारखी, आधी एकदा आणि मग टेकताना एकदा. मला वाटलं, आल्या. दार वाजलं की नाही ते माझ्या लक्षात आलं नाही. आज एकदमच संपवून दाखवू म्हणून मी न थांबता पुढची दोन्ही पानं वाचली. एका जोडाक्षराला अडखळले, "पुन्हा" आलं नाही, तर मला वाटलं, खूश आहेत. शेवटचं वाक्य वाचून मी म्हणाले, "झालं बाई. संपलं." आणि मान वर केली.

खुर्चीवर शाल तशीच होती.

बाई गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ पडल्या होत्या. मूठ उघडी, तळहातावर बाजरी. कबुतरं त्यांच्या अगदी जवळ टिपत होती, मी आले तरी उडाली नाहीत. पाटीलकाकूंनी बोलावलेले डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी विचारलं, "मी अर्धा तास आधी वर गेले असते तर?" ते बॅग बंद करत होते. म्हणाले, "ताई, असा विचार करू नका." हे काही उत्तर नाही.

दफनाला मी मागे उभी होते. पेटीत बाईंना चष्मा नव्हता, त्यामुळे त्या कुणी दुसऱ्याच वाटत होत्या. पाळक म्हणाले, प्रभूने त्यांना आपल्याजवळ नेलं. माझ्या डोक्यात ते पुस्तक. त्यात माणूस जातो आणि कपडे उरतात. इथे तर सगळं उरलं होतं, कपडे, चपला, हात, तोंड. बाईच तेवढ्या नव्हत्या... सुधीरदादांनी घर आवरताना विचारलं, "कमलताई, आत्याची आठवण म्हणून काय हवं?" मागायला मला फार जड गेलं. मी वहीकडे आणि पुस्तकाकडे बोट केलं. खुर्ची त्यांनी आपणहून दिली. आमचे हे अंबडहून कंपनीतल्या मित्राचा टेम्पो घेऊन आले आणि ती घरी आणली. आमच्या खोलीत तिला जागा नाही, तरी खिडकीजवळ बसवली. तिच्यावर कुणी बसत नाही. पण ती करकरते. हे म्हणतात, वेत वाळला की असा आवाज येतो. असेल.

मला दोन्ही वाटतं. वाटतं, त्या सांगून जायला आल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आणि वाटतं, खुर्चीत कुणीच नव्हतं, बाई वर उन्हात एकट्या होत्या आणि मी खाली अक्षराला बोट लावत बसले होते. कुठलं खरं ते मला कळत नाही, आणि दोन्हींत चूक माझीच आहे.

काल सकाळी काम नव्हतं. मी वही काढली, पहिल्या पानावर माझ्या नावापुढे पेन टेकवलं आणि वाचून काय वाटलं ते लिहिलं. अक्षर मुंगळ्यांसारखंच आलं. पण दोन ओळींत बसलं.

"या पुस्तकातले लोक रिकाम्या कपड्यांजवळ बसून राहतात. एकही जण उठून गच्चीवर बघायला जात नाही."

पेनाला टोपण लावलं आणि नियमाप्रमाणे स्वतःसाठी चहा टाकला. कप घेऊन खिडकीजवळ फरशीवर बसले. पहिला घोट घेतला आणि शेजारी खुर्ची करकरली, आधी एकदा, मग टेकताना एकदा.

या वेळी मी लगेच मान वर केली.