बायकोच्या तपासणीत मी केलेला आ

हसाचं नाई, कबूल? मंग सांगतो. माही फजिती साऱ्या हिंगणी गावाले ठाऊक हाये, मंग तुम्हीच काऊन मांगं राहाचं?

आपलं गावात किराणा दुकान. सविताचं पहिलंच बाळंतपण. बाळ आडवं, म्हणून वर्ध्याले सिझर ठरलं. मी, सविता अन् माह्ये बाबा, तिघंबी आदल्या दिवशीच दवाखान्यात.

दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या, हातात बॅटरी. सविताले म्हणे, "तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा."

मी उसळलोच! "मॅडम, बाळ पोटात हाये! तुम्ही दात काऊन पाहून राह्यल्या? पेशंट तं नाई चुकला?"

मॅडम शांत. "दादा, भूल कमरेतून देऊ. ती नाही लागली तर घशात नळी घालावी लागते. गरोदरपणात घसा सुजतो, नळी घालणं अवघड होतं. ऐनवेळी श्वास अडकायला नको, म्हणून आजच पाहायचं."

श्वासाचं नाव निघालं न मी म्हणलं, "पाहा मॅडम, नीट पाहा!" पण सविता? समोर सासरा! डोईवर पदर, ओठ गच्च. बाबा बिचारे भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले, तरी हिनं तांदळाचा दाणा जाईल इतकंच तोंड उघडलं.

"अवं, उघड न! तुह्या जिवाचा सवाल हाये!"

"मले लाज वाटते."

"त्यात काय लाजाचं? मी दाखवतो, हे पाह्य!"

अन् बाप्पा, मी आ केला! मॅडमनं बॅटरी माह्याकडं वळवली. "दातांच्या मध्ये तीन बोटं उभी घाला."

एक गेलं. दुसरं अडकलं. ढकलतो, दाबतो, डोळ्यांत पाणी!

"तंबाखूचा खर्रा खाता?"

"नाई जी. कधीमधी."

"कधीमधी?" बाबा भिंतीकडूनच गरजले. "झोपेतबी गालात असते याच्या!"

सविता अशी हसली, अशी हसली, का लाजबीज सारी पळाली. मॅडमनं झटकन बॅटरी फिरवली. "बस्स, तशाच राहा! आता जीभ काढा. वा, पडजीभसुद्धा दिसली! यांची काळजी नाही." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "खर्र्यानं जबडा आखडलाय तुमचा. उद्या तुमचं ऑपरेशन असतं, तर मला आज झोप नसती लागली."

सिझर मस्त झालं. पोरगी! बाबांनी तिले मांडीवर घेतलं, तं तिनं भलीमोठी जांभई दिली.

मी खुशीत म्हणलं, "पाहा बाबा, बापावर गेली!"

"कायची बापावर?" बाबा म्हणे. "इचं तोंड पुरं उघडते!"