वहीत लिहिलेला हिरवा रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही.

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या वस्तीत आमच्या गल्लीमागून स्वर्णरेखा वाहते. नदी ती कागदावर. आम्ही नालाच म्हणतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर शेजारी जमवून दर रविवारी मी तो साफ करू लागलो. मोठा समाजसेवक! खरी खपायची ती शेजारची कमलाबाई — बिर्ला नगरच्या मिलमधल्या कामगाराची विधवा. मी हातमोजे घालायचो, ती नुसत्या हातांनी प्लास्टिकच्या पन्न्या ओढायची.

कुणाच्या घरची घाण नाल्यात येते? ते शोधायला आम्ही रंगपंचमीचा उरलेला रंग काढला. एकेका मोरीत वेगळा रंग ओतायचा, आणि तो खाली कुठल्या पाइपातून पडतो ते बघायचं. बाकीचे वर, घराघरांत. खाली नाल्यात वही घेऊन मी एकटा. मास्तरावर कोण शंका घेणार?

कमलाबाईकडे हिरवा ओतला — काहीच आलं नाही. मग आमच्या मोरीत बायकोने गुलाबी ओतला, आणि दोन्ही घरांमधल्या सामाईक भिंतीखालच्या पाइपातून भसकन गुलाबी पाणी पडलं. आदल्याच रविवारी मी याच गोष्टीवरून लोकांना झापलं होतं. आता काय — नुसतं खरं लिहायचं होतं ना?

मी लिहिलं, हिरवा. कमलाबाईचं घर.

"हमारा पानी तो सीवर में जाता है," ती सगळ्यांसमोर म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "पर मास्साब ने देखा है, तो होगा."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच छिन्नी घेऊन मोरीची फरशी फोडायला घेतली. नसलेला पाइप शोधायला! आठवडाभर ती ठकठक भिंतीतून येत होती, आणि मी — मी चहा पीत होतो. लाज वाटत होती का? वाटत होती. तरी उठलो नाही.

त्याच आठवड्यात, मोरी तुंबते असं बायकोला सांगून, मी आमचं पाणी सीवरला, जमिनीखालच्या गटारलाइनीला, जोडून घेतलं. रविवारी पाइप कोरडा. लोकांनी कमलाबाईसाठी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्यापुढे हात जोडले — चूक दाखवून दिली म्हणून. मीही टाळ्या वाजवल्या.

तिची फरशी परत बसली नाही. त्या फुटक्या दगडांवर ती आजही अंघोळ करते. रोज सकाळी पाण्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू येतो.