आधी जमीन

"जनावर मागनं. आदी जमीन बगू," असं म्हणत आबा दवाखान्याच्या ओट्यावर उकिडवे बसायचे. दारात आणलेल्या लंगड्या बैलाकडे ढुंकूनही न पाहता मालकाला विचारायचे, "ह्याला बांदतोस कुटं? खाली काय हाय, चिखुल का दगूड?" मालक वैतागायचा. बैल इथं तीन पायांवर उभा, आणि म्हातारा गोठ्याच्या चौकशा करतोय!

लोणावळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. आबा तिथले जुने शिपाई. मूळचे टाकव्याचे, राहायला वळवणला. तुमच्याही पाहण्यात असा एखादा शिपाई असेल, ज्याला साहेबापेक्षा जास्त कळतं आणि ते साहेबालाही ठाऊक असतं. आबांची नजर कायम खाली. रस्त्यात भेटले तर आधी आपल्या वहाणा बघायचे, मग तोंड.

एके दिवशी डॉक्टर फिरतीवर असताना एक बाई आली. ही गल्लोगल्ली जात्यांना टाकी लावत हिंडायची. माझ्या घरचं जातंही तिच्याच हातचं. नवरा खाणीवर दगड घडवणारा. टाकीची छिन्नी आणि हातोडी कमरेला तशीच खोचून ती धावत आली होती.

"डुकरीन याली, आबा. सात पिल्लं झाली. पर दोन दिस झालं, उटंना. मागलं पाय फाकल्यात."

"इथं डुकरं बघत नाहीत," मी म्हणालो. असा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. तो मी तिथल्या तिथे केला.

बाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "घरवाला म्हंतोय, बाजारच्या दिवसापातूर उटली न्हाई तर कापायची. मांडीवर घिऊन पेज पाजून वाढिवलीया मी तिला. आन् तिच्याबिगर पिल्लं कशी जगायची?"

बाजाराला चार दिवस होते. आबांनी टोपी डोक्यावर घातली. "चल, जमीन दाव."

मीही मागोमाग गेलो. दवाखाना रिकामा होता आणि खरं सांगायचं तर म्हातारा फजीत होतो का, ते मला बघायचं होतं.

खाणीखालच्या झोपड्यांमागे डुकरिणीचं खोपटं होतं. खोपट्याला लावलेली फरशी पाहून मी चाट पडलो. काळ्या दगडाच्या घडीव लाद्या, तळहातासारख्या गुळगुळीत. गाभण जनावर चिखलात नको म्हणून नवऱ्यानं बंगल्याच्या व्हरांड्याला लावतात तसं काम केलं होतं. तो ते कौतुकानं दाखवत होता. डुकरीण त्या लादीवर आडवी पडून पुढच्या पायांनी रेटा देत होती आणि मागचं धड फरफटत होतं.

आबांनी लादीवर तांब्याभर पाणी ओतलं, वहाण काढून पाऊल ठेवलं आणि सटकन घसरले. मी धरलं म्हणून वाचले.

"हितं मी पडतोय, मंग ही तर वली बाळंतीन," ते म्हणाले. मग बाईकडे वळले. "पोरी, जात्याला टाकी कशापायी लावतीस?"

"दानं घसरू ने म्हून."

"मंग?"

बाईनं लादीवरून हात फिरवला. तिनं कमरेची टाकी काढली आणि तिथंच फतकल मारून ठोकायला बसली. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम त्याची बायको त्याच्यादेखत खरबरीत करत होती.

डुकरिणीला बाहेर मातीवर पेंढा पसरून घेतलं. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आबांनी तिचे मागचे पाय वीतभर अंतर ठेवून बांधले, म्हणजे पुन्हा फाकायला नकोत. पिल्लं आचळाला लावून द्यायची, दर थोड्या वेळानं तिची कूस बदलायची, कोंड्याची कोमट पेज पाजायची. आणि दिवसातून चार-पाच वेळा पोटाखालून गोणपाट घालून दोन्ही बाजूंनी उचलून उभं करायचं. भातखाचरात घसरलेल्या म्हशींना ते असंच उठवत आले होते.

गोणपाटाचं एक टोक नवऱ्यानं धरलं. दुसरं कोण धरणार? आबा माझ्याकडे बघायला लागले, तेही माझ्या पायांकडे. मी नाकाला रुमाल बांधला आणि धरलं.

चारही दिवस संध्याकाळी मी आबांना घरापर्यंत सोडायला जायचो. मावशी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवायच्या. अंगणातल्या न्हाणीच्या दगडावर उभं करून डोक्यावरून पाणी ओतायच्या.

"डुकराला शिवून आलाय. गाव काय म्हनंल?"

"गावाचं पाय धड हाईत. मी कशाला बगू?" आबा पाण्याखालून बोलायचे.

चौथ्या दिवशी, बाजाराच्या सकाळी, आम्ही तिला उचललं. रोजच्यासारखं वजन खांद्याला आलं आणि एकाएकी माझ्या हातातलं गोणपाट सैल पडलं.

"सोडू नगा. नुसतं धरा," आबा हळूच म्हणाले.

बाईनं समोर भाकरीचा तुकडा धरला. डुकरिणीनं एक पाय टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्याला ती तुकड्यापाशी पोचली आणि आम्ही दोघं रिकामं गोणपाट धरून उभे राहिलो. बाई तिच्या मानेवर डोकं टेकून रडली. माझाही रुमाल भिजला, आणि ते काही वासामुळे नव्हे.

पुढच्या पावसाळ्यात आबा पडले. कुठं? त्याच न्हाणीच्या दगडावर. वर शेवाळ धरलं होतं. अख्ख्या मावळाचे गोठे तपासणाऱ्या माणसानं आपल्या अंगणातला दगड बघितला नव्हता. खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवरून ओशाळं हसून म्हणाले, "जमीन बगायची ऱ्हायली, कंपाउंडर."

मी तिथं असतानाच ती बाई आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं खाटेकडे एकदा पाहिलं, अंगणात गेली, दगडावरचं शेवाळ खरवडलं आणि टाकी लावायला बसली. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. ठोके ऐकून आतून आबा ओरडले, "लय खोल नगं मारू, पोरी. पानी साठंल."

काम झाल्यावर मावशींनी घरातला तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. वरून ओंजळीत पाणी ओतलं नाही, तांब्याच हातात दिला.

आम्ही आबांना धोतराच्या झोळीत पुष्कळदा उभं केलं. पण ती झोळी काही सैल पडली नाही. दिवाळीच्या आत ते गेले.

दहाव्याला मी वळवणला गेलो. आत जाण्याआधी पाय धुवायला दगडावर चढलो. पाऊस नुकताच पडून गेला होता, दगड ओला होता. सवयीनं मी खाली बघितलं. टाकीचे घाव ओळीनं, उथळ, जात्यावर असतात तसेच. मी पाय धुतले. पाऊल घसरलं नाही.