दुहेरी जाळी

माझा नवरा ऑर्विल कॅलिफोर्नियाच्या या डोंगरात गांजा लावतो. बापासारखाच प्रत्येक रोपाखाली खत म्हणून माशाची मुंडकी पुरतो. ती शेजारची थेल्मा देते.

या उन्हाळ्यात कुणीतरी रोपं उकरली. ऑर्विलनं थेल्माच्या कुत्र्यावर, बिस्किटवर, आळ घेतला, त्याला गोळी घातली आणि ओळीच्या टोकाला गाडलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मातीत रॅकूनचे, रात्री चोऱ्या करणाऱ्या त्या रानटी जनावराचे, पंजे उमटलेले, मुंडकी गायब.

"वासानं येतात ती. मुंडकी पुरणं सोड आता," मी म्हणाले.

"तू मला शिकवू नकोस." त्यानं सगळीकडे जाळी ठोकली.

परवा थेल्मा मुंडक्यांची बादली घेऊन आली. "ऑर्विल, आमचा बिस्किट कुठं दिसला का रे?"

"नाही गं," म्हणत त्यानं बादली घेतली.

ओळीच्या टोकाला जाळी दुहेरी आहे.