छत न ठोकता आत येणार नाहीत

आमच्या व्याह्यांइतका छतांवर अविश्वास असलेला माणूस कर्जत-खालापुरात दुसरा नसेल. हे सुनेचे वडील. चंद्रपूरकडे जमिनीखालच्या कोळसा खाणीत त्यांची सारी नोकरी झाली. खाण बंद पडली, विहीणबाई आधीच गेल्या होत्या, वसाहत रिकामी होत चालली, तेव्हा सुनेने त्यांना आमच्याकडे बोलावून घेतलं. खाणीत छताचा आवाज पोकळ आला की ते कोसळणार असं समजायचं, म्हणून व्याही अजूनही दारात थांबतात, काठीने वर ठोकतात, कान देतात आणि मगच आत पाऊल टाकतात, मग ते किराणा दुकान असो की दवाखाना. भिवपुरीच्या एका लग्नात मांडवाच्या कापडातून आवाजच येईना, तर पंगत उठेपर्यंत खांब धरून उभे राहिले. माथेरानला सगळे दरीकडे बघत होते. हे मात्र आभाळाकडे बघून निवांत. "इथं बरं हाय जी. वरून पडाले काही नाही."

आमच्या हॉलला मी हौसेने पीओपीचं छत करून घेतलं होतं. त्याच हॉलात सुनेचं डोहाळजेवण. ताटं वाढली, आणि त्याच दिवशी चंद्रपूरहून थेट आलेल्या व्याह्यांनी दारातून काठी लावली. ढब्.

"उठा सारे. छत पोकळ झालं. बाहीर व्हा."

आवाजच असा, की बायका भरल्या ताटावरून उठल्या आणि सुनेला धरून अंगणात आल्या. जेवायला बोलावलेला पीओपीवाला म्हणाला, "अवो, त्यो पोकलच असतो. खरा स्लॅब वर हाय." माझी बहीण म्हणाली, "व्याही, पुरणपोळीपण ठोकून घ्या." सगळे हसले. व्याहीही हसले.

पण अंथरूण त्यांनी बाहेरच्या ओट्यावर घातलं ते घातलंच. आणि एका सकाळी पिशवी घेऊन उभे.

"चाल्लो जी."

"बाबा, तिकडे आता कोण आहे?" सुनेने विचारलं.

"क्वार्टर हाय ना." मग हळू आवाजात म्हणाले, "खाणीतला माझा जोडीदार असल्याच आवाजाखाली गेला, बाई. ओट्यावर पडलो तरी इथं डोळा लागत नाही."

मी पीओपीवाल्याला बोलावलं.

"काका, डिझाइन तुमीच पसंत केलं ना? आता काढू?"

"काढ."

दिवसभर पांढरी धूळ उडाली. घासाघीस केल्याशिवाय मी कुणाला पैसे देत नाही. त्याला मागितले तेवढे दिले. व्याही केर काढत होते. संध्याकाळी वसाहतीतल्या शेवटच्या शेजाऱ्याचा फोन आला. ऐकून घेऊन व्याही उघड्या स्लॅबखाली बसले.

"खाणीतलं पानी उपसणारे पंप बंद केले म्हंते. खाली पानी भरून राहिलं."

"आपल्या क्वार्टरखालीसुद्धा?" सुनेने विचारलं.

"तिथंबी. आता तिथं पायाखालचाच भरवसा नाही."

मग व्याहीच म्हणाले, "माझी गादी आत टाक, बाई."