अण्णांच्या डोक्यावरचा माळा

छतातली दोरी ओढली की घडीची शिडी कुरकुरत खाली येते आणि तिच्यापाठोपाठ खाली उतरतो तो वास! पाइनच्या फळ्यांचा, उन्हानं तापलेल्या छपराचा आणि कधीकाळी विमानातून आलेल्या बॅगांच्या अस्तरांचा तो संमिश्र, किंचित कुबट गंध नाकात शिरला की मी क्षणभर या परदेशी श्रूजबरी गावातली उरत नाही. इथले लोक या जागेला अ‍ॅटिक म्हणतात. मी मात्र हट्टानं माळाच म्हणते. जे वापरवत नाही आणि देववतही नाही, त्याला ठेवायला माळ्यावाचून दुसरी कुठली जागा आहे, सांगा बरं?

आम्ही हे घर घेतलं तेव्हा या माळ्याला जमीनच नव्हती. होत्या नुसत्या तुळया, आणि त्यांच्या मधून, त्यांच्याही वर फुगून आलेली गुलाबी लोकर; थंडी अडवण्यासाठी पसरलेली, चांगली गुडघ्याएवढी जाड. बॅगा ठेवायच्या तर फळ्या हव्यात, आणि फळ्या तर तुळयांवर टेकेनात! एखादा शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण आपण पडलो बॅगेवर बसून चेन लावणारी माणसं. लहानपणी मिरजेहून कुठंही जायचं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, होल्डॉल गुंडाळून हाक मारायचे, "ये गं, बस वरती!" मी बसायची आणि ते पट्टा आवळायचे. तो मान माझा होता. तोच मी इथंही चालवला. मी फळीवर ठाण मांडून बसले आणि माझा नवरा, समीर, स्क्रू पिळत म्हणत राहिला, "बस, अजून जरा दाब दे!" केवढे हसलो होतो आम्ही त्या दिवशी! बिचारी लोकर मुकाट्यानं दबत गेली.

दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्या हिवाळ्यात अण्णा आमच्याकडे आले. सहा महिने राहायचं ठरवून आले होते. माळ्याखालची खोली त्यांना दिली, कारण खिडकीतून मेपलचं झाड दिसतं आणि बाथरूम जवळ. आठवड्याभरात त्यांच्या अंगावर दोन स्वेटर चढले, मग पायमोजे, मग माकडटोपी. घरात, हीटर चालू असताना माकडटोपी! मी चिडायची. "अण्णा, काढा बघू ती. घरात कसली आलीय थंडी?" ते ओशाळं हसून म्हणायचे, "असू दे गं. हाडं म्हातारी झाली." आणि मी, त्यांची सख्खी मुलगी, ते खरं मानून बसले. वर मैत्रिणींना फोनवर रंगवून सांगितलं, आमचे अण्णा झोपतानासुद्धा टोपी घालतात म्हणून. आज ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

तीन महिन्यांतच ते परत गेले. निघताना त्यांनी, आम्ही त्यांच्यासाठी घेतलेलं जाड जॅकेट पलंगावर नीट घडी करून ठेवलं होतं. "देऊन टाक कुणाला तरी. मिरजेत काय करू त्याचं? आणि आता परत काही माझं येणं होत नाही." मी हो म्हटलं. पण देववलं नाही. बॅगेत घालून ते वर माळ्यावर ठेवून दिलं.

या वर्षी पानं पिवळी पडायला लागली तेव्हा घरातली ऊब कुठून निसटते ते तपासणारा एक माणूस आला. त्याच्याजवळ उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. खोलीखोलीतून फिरत तो अण्णांच्या खोलीत आला, कॅमेरा वर धरला. मग त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. सगळं छत केशरी, आणि मधोमध एक गडद निळा चौकोन! बरोबर आमच्या फळ्यांएवढा. बरोबर अण्णांच्या उशीच्या वर. लोकर दाबलीत तुम्ही, तो म्हणाला, तिच्यातली हवाच गेली, आता ती असून नसल्यासारखी. मी त्या रिकाम्या पलंगावर बसले. हाडं म्हातारी नव्हती हो! माझ्या रिकाम्या बॅगा त्यांच्या डोक्यावर थंडी होऊन बसल्या होत्या.

आणि मला हे ठाऊक नव्हतं का? दिवाळी सरली की आमच्या अंगणात पिंजारी यायचा. वर्षभर निजून निजून दगड झालेल्या गाद्या उसवल्या जायच्या, धनुकलीची तार टणत्कारायची, आणि मूठभर गठ्ठ्याचा टोपलीभर कापूस व्हायचा. "वाढला कसा?" मी विचारलं होतं. अण्णा म्हणाले होते, "वाढला नाही, मोकळा झाला. ऊब कापसात नसते गं, त्याच्यातल्या हवेत असते." सात वर्षांची असताना कळलेलं हे शहाणपण मी नेमकं कुठं हरवलं? की माणूस दूर देशी येताना असलं काही बॅगेत भरायला विसरतोच?

तीन शनिवार लागले. फळ्या उखडल्या, चेपलेली लोकर काढून नवी अंथरली. मग जुन्या तुळयांवर उंच तुळया आडव्या टाकून नवी जमीन चढवली ती थेट लोकरीच्या वर, तिला न टेकता. मध्ये हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवली. समीर म्हणाला, "बघ, अंतर ठेवलं की ऊब टिकते." मी त्याच्यावर खेकसलेच. चार बोटांच्या अंतराची गोष्ट निराळी. सात समुद्रांच्या अंतरात कसली डोंबलाची ऊब? असली सुभाषितं परदेशी राहणाऱ्यांच्या फार सोयीची असतात. मला सुभाषित नको होतं. मला अण्णा हवे होते, त्या पलंगावर, टोपीशिवाय.

काल सकाळी फोन केला. तिकडे संध्याकाळ, देवापाशी दिवा लावून झालेला. एका दमात सगळं सांगून टाकलं. लोकर, फळ्या, निळा चौकोन. "अण्णा, तुमची हाडं नव्हती हो म्हातारी. चूक माझी होती. आणि वर मीच तुम्हाला रागावले." या दोन वर्षांत 'परत या' म्हणायची मला हिंमत झाली नव्हती, आताही होईना.

मग त्यांनी घसा खाकरला. "ते जॅकेट दिलंस का गं कुणाला?"

"नाही."

"मग उन्हात टाक जरा. कुबट वास येत असेल."

फोन कानाशी तसाच धरून मी दोरी ओढली.