दादाचं इंग्रजी

सिन्नरच्या आमच्या मुलींच्या शाळेत तिसरीचा भूगोल चालला होता. दारात रहीमभाई येऊन उभे राहिले. नाशिक-सिन्नर मोटार चालवणारे हे गृहस्थ गाडी गच्च भरल्याशिवाय हलायचे नाहीत, मग वर सूर्य तापो की खाली माणसं ओरडोत. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, चला. दादांना जरा बरं नाय. मोटार उभी हाय." बाहेर येऊन पाहते तर मोटार रिकामी! तिथंच मला कळलं. घरी पोचले तेव्हा दादाला नेऊन तास झाला होता. भर थंडीत गोदावरीच्या कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लोकांचे पितर तारता तारता माझ्या थोरल्या भावाला न्युमोनिया झाला आणि तो गेला. रामकुंडावर सभा झाली. वक्ते म्हणाले, वेदमूर्ती गेले, एक तृप्त विद्वान गेला. या पुरवणीच्या संपादकांनीही त्या तृप्त जीवनावर चार शब्द लिहून मागितले आहेत. दादा विद्वान होता, यात शंका नाही. तृप्त मात्र तो एक दिवसही नव्हता, आणि निदान एवढं तरी कुणी छापावं म्हणून मी लिहिते आहे.

आमचं घर पंचवटीतलं, पिढीजात तीर्थोपाध्यायांचं. घाटावर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगायचे, हीच आमची वृत्ती, आणि ती थोरल्या मुलानं चालवायची हा शिरस्ता. दादाची आठव्या वर्षी मुंज झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाठशाळेत नेऊन बसवलं. धाकटा श्रीधर मात्र इंग्रजी शाळेत गेला आणि पुढे वकील झाला. मी मुलगी, चार बुकं शिकले काय अन् न शिकले काय, परक्याच्या घरी जायची, म्हणून मलाही शाळा मिळाली. गंमत पाहा, जो घराला हवा होता त्याला शाळा नाही, आणि ज्यांच्यावाचून घराचं काही अडत नव्हतं त्यांना मोकळं रान! दादा पाठशाळेतून येई तो आमच्या पाटीवर वाकून बसे. आमचे वडील, आप्पा, माजघरातून ओरडत, "अंता, तुला काय करायचंय त्यात? तुझं ठरलंय." आप्पांना सगळं ठरलेलं फार आवडे. पाठशाळेत गुरुजी संथा देत, म्हणजे ते एकदा म्हणत आणि मुलं मान हलवत पुन्हापुन्हा म्हणत, ओळ जिभेवर बसेपर्यंत. दादानं एकदा एका ऋचेचा अर्थ विचारला. गुरुजींनी त्याला दुपारभर अंगणातल्या फरशीवर उभं केलं. त्याच्या पोळलेल्या तळव्यांना आईनं लोणी लावलं, ते मला आठवतं आहे. आप्पा म्हणाले, गुरुजींनी बरं केलं.

आप्पा गेल्यावर, चाळिशीला टेकलेला दादा एका रविवारी मला म्हणाला, "कुसे, मला इंग्रजी शिकव." मला आधी थट्टाच वाटली. पण त्याचा हिशोब पक्का होता. गावातल्या एका हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक निवृत्त होणार होते. संस्कृत दादाइतकं कुणाला येणार? पण वरच्या वर्गांना भाषांतर इंग्रजीतून, तेव्हा इंग्रजी वाचता येणं भाग होतं. मुख्याध्यापक म्हणाले होते, दिवाळीनंतर या, वाचून दाखवा, मग पाहू. "मला पगाराचं काही नाही गं," दादा म्हणाला, "पण मी घाट सोडला तर वृत्ती चुलत्यांकडे जाईल, आणि दत्तूला तिथं कुणी बसवणार नाही." दत्तू त्याचा एकुलता मुलगा, इंग्रजी चौथीत होता. दादानं त्याला जाणूनबुजून एकही मंत्र शिकवला नव्हता. भाऊबंद नावं ठेवत, पण हा ऐकत नसे.

मी रविवारी येई, धडा वाचून दाखवी, अर्थ सांगे. दादा डोळे मिटून ऐके. दोन महिन्यांत त्याला सबंध पुस्तक येऊ लागलं. मी हरखून गेले! एकदा पहाटे जाग आली तर माजघरातून वेदपाठाच्या चालीवर आवाज येत होता... "धिस इज, इज अवर, अवर गार्डन." मान हलत होती, हाताची बोटं स्वर दाखवत होती. जन्मभर ज्याला अर्थ हवा होता त्याला पाठशाळेनं असा काही घडवला होता की कुठलीही विद्या आता तोंडावाटेच आत जाई. डोळ्यांचा रस्ता लहानपणीच बुजवून टाकला होता. मी म्हटलं, "दादा, अक्षरं बघ." तो म्हणाला, "बघतो की. पण जीभ आधीच पुढं जाते."

दिवाळीनंतर तो नवं उपरणं घेऊन शाळेत गेला. मुख्याध्यापकांनी धडा काढून दिला. दादानं खणखणीत म्हटला. पान संपलं, ते उलटायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. हा आपला पुढच्या पानावरचं म्हणत राहिला. मुख्याध्यापकांनी ओळीच्या मध्येच बोट ठेवलं, "हा शब्द कोणता?" दादानं डोळे मिटले, धड्याच्या आरंभापासून पुटपुटत त्या शब्दापाशी आला आणि बरोबर सांगितलं. मग त्यांनी त्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र पुढं सरकवलं. दादा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "याची संथा झालेली नाही."

सगळे शिक्षक हसले. हे त्यानंच मला चुलीपाशी बसून सांगितलं. सांगताना तोही हसला, पण पुढ्यातला चहा तसाच राहिला. श्रीधरनं मात्र तो किस्सा उचलला आणि वकिलांच्या पंगतीपंगतीतून वाढला. ज्या घाटाच्या दक्षिणेवर याच्या कायद्याच्या फिया भरल्या गेल्या, त्या घाटावर उभ्या राहणाऱ्या माणसाची ही थट्टा! आपल्याकडे शिकलेल्या माणसाला कृतज्ञता सोडून सगळे विषय असतात.

दादानं हट्ट सोडला नाही. शाळेतली जागा अजून रिकामीच होती. दत्तू शाळेतून आला की बापलेक ओसरीवर बसत. पत्रावळीच्या पळसाच्या पानाला दादानं एका शब्दापुरतं भोक पाडलं होतं. ते पान दत्तू पुस्तकावर ठेवी, तेही धड्याच्या शेवटाकडून, म्हणजे जिभेला पळायला वाव नको. एकेक अक्षर लावत दादा वाचे आणि चुकला की मुलगा म्हणे, "दादा, पाठ म्हणताय तुम्ही. वाचा." शेवटच्या रविवारी मी गेले तेव्हा काडेपेटीवरचं नाव त्यानं आपणहून वाचलं आणि वहिनीला हाक मारून दाखवलं. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात तो पाण्यात उभा राहिला आणि अंथरुणाला खिळला.

तेरावा झाला त्याच दिवशी श्रीधरनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "उद्यापासून दत्तूनं घाटावर जावं. जागा रिकामी राहिली तर चुलते बसतील आणि हक्क जाईल."

मी म्हटलं, "दादाला तेच हवं होतं. हक्क जाऊ दे."

"आणि घर कशावर चालायचं?"

"मग तू बस घाटावर."

तो चक्क हसला. "मला काय येतंय त्यातलं, कुसुमताई? मी शाळेत गेलो."

वहिनी खाली मान घालून दाण्यांची सालं पाखडत होती. मी म्हटलं, दत्तूला मी सिन्नरला नेते. श्रीधर म्हणाला, "आणि वहिनी? तिलाही नेणार? तुझ्या एका खोलीत?" वहिनीच म्हणाली, "राहू द्या वन्सं. जाईल तो घाटावर." दत्तू उठून मागच्या दारी गेला.

परवा रविवारी मी रामकुंडावर मुद्दाम गेले. दत्तू दादाच्या जागेवर बसला होता. समोर वऱ्हाडाकडचे एक म्हातारे यजमान हातात पाणी घेऊन थांबले होते. पोराला काही येत नव्हतं. तो मांडीवरच्या छापील पोथीतून संकल्प वाचत होता. स्वच्छ, न अडखळता वाचत होता. शेजारचे भटजी एकमेकांना कोपरानं ढोसत होते. एकजण मोठ्यानं म्हणाला, "अहो, अंतूशास्त्र्यांचा मुलगा वाचून सांगतोय!" यजमानांनी हातातलं पाणी सोडून दिलं आणि ते उठून पलीकडच्या गुरुजींकडे गेले. बापाला वाचता येत नव्हतं म्हणून हसले, मुलाला वाचता येतं म्हणून हसले... हसणाऱ्यांचं कधीच काही अडत नाही.

मी लगेच घरी गेले नाही. देवळापाशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं वाड्यात शिरले तर माजघराचं दार आतून लावलेलं. आत दत्तू अडखळत म्हणत होता आणि वहिनी हळू आवाजात त्याला पुढची ओळ देत होती. बायकांनी जे उच्चारायचंही नसतं ते! दादाचा पहाटेचा पाठ तिनं इतकी वर्षं चुलीपाशी ऐकला होता, तो तिला सगळा येत होता. दादाचीच चाल, थांबण्याच्या जागाही त्याच्याच. क्षणभर वाटलं, दादाच आत बसला आहे.

"पुन्हा म्हण," वहिनी म्हणाली.

"शाळेत उद्या परीक्षा आहे माझी," दत्तू म्हणाला.

वहिनीनं तीच ओळ पुन्हा दिली, आणि या वेळी ती त्यानं न चुकता म्हटली.